सहा हंगामांचा मान

हळर्णचा किल्ला 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने घेतला आणि पुढे त्या गावाचे नाव आपल्या पदवीत मिरविले. किल्ल्याखालची शापोरा नदी शिवोलीवरून समुद्राकडे जाते. त्या शिवोलीत 1883 साली विल्यम लायन्स या धर्मगुरूंनी गोमंतकात फुटबॉल रुजविला, असे मानतात.

त्या बीजाचे फळ 2007-08 च्या हंगामात दिसले. पहिल्या आय-लीगमध्ये दहा संघ होते. प्रत्येकास अठरा सामने. अखेरीस धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स हे दोन्ही गोमंतकीय संघ 36 गुणांवर बरोबरीत राहिले! आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखालील धेंपोने अजिंक्यपद मिळविले. पुढील पाचही हंगाम धेंपो, चर्चिल आणि साळगावकर यांनीच जिंकले.

परंतु आय-लीगला दुय्यम ठरविणाऱ्या योजनेच्या निषेधार्थ 2016 मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग तिच्यातून बाहेर पडले. चषक कपाटात राहतात. खेळ मात्र जगतो तो कापणीनंतरच्या मोकळ्या शेतांत, अनवाणी मुलांच्या पायांवर. ती शेते मोकळी राखणे आपल्याच हाती आहे.