मोहाला वाइनचा मान का नाही?

हल्ली मुंबई-पुण्याची मंडळी नाशिकला वायनरी बघून येतात आणि आम्हा नागपूरकरांना फोटो पाठवतात. सोबत प्रश्न असतोच, "तुमच्या विदर्भात असं काही नाही का?" संत्र्याचं नाव सांगून वेळ मारून नेता येते. पण खरं उत्तर संत्रं नाही, मोह आहे. आणि ते चारचौघांत सांगताना आपण जरा चाचरतो. का चाचरतो, हे शोधायला गेलं की चव बाजूलाच राहते आणि कायद्याचा इतिहास पुढे येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. वाइन म्हणजे रस आंबवून केलेलं पेय. मोहाची दारू आंबवून झाल्यावर भट्टीवर ऊर्ध्वपातन करून काढतात, म्हणून ती काटेकोर अर्थानं वाइन नव्हे. पण फुलं आंबवून आसव करणं आपल्याकडे फार जुनं आहे. चरकसंहितेत आसवांची जी यादी आहे त्यात फुलांच्या आसवांमध्ये मधूक, म्हणजे आपला मोह, येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे. तिथे द्राक्षाच्या मद्याला 'मधु' म्हटलंय आणि त्याचे प्रकार प्रदेशांच्या नावानं सांगितलेत. त्यातलं एक कापिशायन, म्हणजे काबूलच्या उत्तरेच्या कापिशीचं. थोडक्यात, दारूला गावाचं नाव लावून मान देणं ही फक्त फ्रेंचांची कल्पना नाही.

आता मोहाकडे बघू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात. पिवळसर पांढरी, मांसल, गोड. घरची बायकापोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. वाळवली की फुलं महिनोन् महिने टिकतात, आणि वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. दारू करायची तर ती पाण्यात भिजवून काही दिवस आंबू द्यायची, मग मडक्यावर मडकं ठेवून वाफ थंड करायची. गोंडांच्या घरी लग्न, मयत, देवपूजा, कशालाच ती चुकत नाही. पिण्याआधी दोन थेंब जमिनीवर सोडतात. पण फुलाचा उपयोग तेवढाच नाही. ती भाजून, शिजवून, पिठात मिसळून खाल्ली जातात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत आपल्या भागात मोहानं कित्येकांना जगवलं. शेत काढताना बाकीची झाडं तोडायचे पण मोह राखायचे, ते उगीच नाही.

इंग्रजांना या झाडात महसूल दिसला. मध्य प्रांतात गावोगावच्या छोट्या भट्ट्यांचा ठेका लिलावानं द्यायचे. ठेकेदार एकदा ठरलेली रक्कम भरायचा, मग जितकी जास्त दारू खपेल तितका त्याचा फायदा. पुढे सरकारनं भट्ट्या एका जागी आणून दर गॅलनवर कर घ्यायचं धोरण धरलं. १९०५-०६ च्या अबकारी समितीनंतर ते पक्कं होत गेलं. दोन्ही पद्धतींत घरची भट्टी मात्र गुन्हा ठरली. काल जो देवाचा नैवेद्य होता, त्यावर आज शिपायाची धाड.

मुंबई इलाख्यातली गोष्ट तर आणखी मासलेवाईक आहे. १८७८ चा अबकारी कायदा आला, आणि १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी वेगळा कायदा. ठाणे-कुलाब्याच्या भागात फुलं बाळगण्या-विकण्यावरच बंधनं आली. आणि त्याच काळात उरणच्या मोठ्या भट्ट्यांत मुंबईसाठी दारू गाळली जात होती ती कशाची? मोहाचीच! फुलं पंचमहालातून यायची. म्हणजे फूल तेच, दारू तीच. वारल्याच्या झोपडीत असली तर चोरी, उरणच्या भट्टीत असली तर सरकारी उत्पन्न.

स्वातंत्र्यचळवळीनं यात दुसरा रंग भरला. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि १९२१ मध्ये शहरातल्या दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं सुरू झाली. सरकारचा महसूल बुडवणं आणि लोकांना व्यसनातून सोडवणं, दोन्ही एकदम. १९३८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळानं दारूबंदीचा कायदा केला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडेही आला. त्यातही मोहफुलांचा वेगळा उल्लेख आहेच. इंग्रज गेले, पण फुलावरची नजर तशीच राहिली.

याच राज्यानं द्राक्षाला काय दिलं? नारायणगावच्या फेसाळ वाइननं १९८० च्या दशकात परदेशापर्यंत मजल मारली. २००० मध्ये नाशिकच्या सुला वाइन्सची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क काढला. नाशिकच्या शेतकऱ्याची मेहनत मी कमी लेखत नाही. एप्रिलमध्ये एक छाटणी, पावसाळा संपताना दुसरी, ठिबक, फवारण्या, मग उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडणी आणि थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्या. हे ज्ञान वीस-पंचवीस वर्षांत उभं राहिलं, कारण चुकायला आणि शिकायला परवानगी होती. मोह गाळणाऱ्याला ती कधीच नव्हती. जे काम लपून, घाईनं, रात्री करावं लागतं त्यात कोण धार मोजणार, कोण चांगली-वाईट वेगळी काढणार? चोरून केलेल्या भट्टीत नवसागर आणि काळा गूळ शिरतो, आणि मग तीच 'हातभट्टी' म्हणून बदनाम होते.

तरीही "कायदे उठवा, सगळं छान होईल" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती वरून लादलेली नव्हती. तिच्यामागे गावोगावच्या बायकांचं आंदोलन होतं आणि डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग यांच्यासारखी माणसं होती. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे. चंद्रपूरला ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला संस्कृतीचं कौतुक सांगणं सोपं नाही, आणि सांगूही नये.

म्हणून मला वाटतं, वाद 'दारू हवी की नको' इतकाच नाही. गोव्यानं फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळवला आणि २०१६ मध्ये तिला वारसा पेय ठरवलं. २०२१ मध्ये मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता द्यायचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं मोहफुलं गोळा करण्या-विकण्यावरची बंधनं उठवली. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहाटे टोपली घेऊन जाणारी बाई निदान गुन्हेगार तरी उरली नाही. त्या फुलाचे लाडू होतात, सरबत होतं, गुरांना खुराक होतो. उद्या बाटलीवर कुणाचं नाव छापायचं असेल तर ते ज्या रानातून फूल आलं त्या रानाचं असावं, आणि पैशातला मोठा वाटा टोपलीवालीकडे जावा. नाहीतर उरणचीच गोष्ट पुन्हा घडेल, फक्त लेबल देखणं असेल.

तुमच्या घरी कुणा आजी-आजोबांनी मोहाच्या भाकरीची किंवा पुरणपोळीची आठवण सांगितली असेल तर जरूर कळवा. दारूच्या नादात फुलाची ती बाजू आपण विसरत चाललोय.