डोईवर घड्याळ, तोंडात लगाम

सात सद्गुणांची ही मालिका अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉकने छापून विकली. रेखाटने थोरल्या पीटर ब्रॉयगेलची, १५५९-६० मधली. ती तांब्यावर कोरण्याचे श्रेय हार्लेमच्या फिलिप्स गालेला देतात. इथे भाष्याला घेतले आहे ते त्यातले एकच चित्र: ‘टेम्परान्शिया’, हा सद्गुण स्त्रीच्या रूपात दाखवणारे. श्लोकाची पदे सोडवावीत तशी त्यातली चिन्हे सोडवू.

‘टेम्परान्शिया’ – ‘संयम’ म्हणून मोकळे होता येते. पण संयमाला मन मारण्याचा वास आहे. लॅटिन शब्दाच्या मुळाशी योग्य प्रमाणात मिसळणे आहे. म्हणून जुन्या चित्रांत ही स्त्री दारूत पाणी मिसळताना दिसते. ब्रॉयगेलने ती भांडीच काढून टाकली. ‘मिताचार’ अधिक जवळचा, जरी तो बोलण्यात रुळलेला नाही.

‘डोईवर घड्याळ’ – ही कल्पना ब्रॉयगेलची नव्हे. पंधराव्या शतकात फ्रान्समधल्या रूआँच्या सचित्र पोथ्यांत ती आधीच आहे. घड्याळ म्हणजे नियमितपणा, एवढ्यावर टीकाकार थांबतात. मला ते अपुरे वाटते. लंबकाचे घड्याळ डच शास्त्रज्ञ हायगेन्सने केले ते यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. तोवरची यंत्रे रोज मागेपुढे होत आणि सूर्य पाहून पुन्हा लावावी लागत. म्हणजे डोक्यावरची ही वस्तू बिनचूक नाहीच. ती सतत दुरुस्त करावी लागणारी आहे. मिताचाराला याहून चपखल चिन्ह सापडणे कठीण.

‘तोंडात लगाम’ – आपण तोंडाला लगाम घालायला दुसऱ्याला सांगतो. इथे लगामाची दोरी तिच्या स्वतःच्याच हातात आहे.

‘हातात चष्मा’ – नीट पाहण्याचे साधन. तिने तो डोळ्यांवर चढवलेला नाही, याचे काय करायचे ते वाचकाने ठरवावे.

‘कमरेला साप’ – वासनेला घातलेली गाठ. रूढ अर्थ, पुढे जाऊ.

‘पायाखाली पवनचक्कीचे पाते’ – वारा मोकाट. दळण हवे तर त्याला जुंपावे लागते, आणि तो फार जोरात सुटला की पात्यांवरचे कापड आवरून घ्यावे लागते. नेदरलँड्सच्या माणसाला हे सांगावे लागत नसे.

‘भोवतीची माणसे’ – या युरोपातल्या जुन्या शिक्षणातल्या सात विद्या. व्यापारी पैसे मोजतात, गाणारे सूर सांभाळतात, कोणी खांबाचे माप घेतो. एक ज्योतिर्विद तर पृथ्वीच्या गोलावर, थेट ध्रुवाशी उभा राहून चंद्राचे अंतर मोजतो आहे. तोल गेला तर? ब्रॉयगेलला हसू आवरलेले दिसत नाही. पण निग्रह करणारा, उपाशी बसलेला इथे एकही नाही. अनेक जण मापात गुंतले आहेत.

‘पाठमोरा चित्रकार’ – हिशेब करणाऱ्यांच्या शेजारी बसलेला. सात विद्यांच्या जुन्या यादीत चित्रकला नव्हती. ब्रॉयगेलने तिला आत घेतले, पण तोंड काही दाखवले नाही.