जायबंदी घोडा आणि शिलेदाराची सावधगिरी : खानदेशाच्या संदर्भात एक विचार

मराठ्यांच्या घोडदळाचे विवेचन करताना बारगीर आणि शिलेदार यांच्यातील भेद सर्वच इतिहासकारांनी नोंदविला आहे. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा, शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या मालकीचा. शिलेदार ऐन प्रसंगी घोडा जपतो, निकराच्या हल्ल्यात मागे राहतो, असा आक्षेप समकालीन युरोपीय निरीक्षकांनी घेतला आणि पुढील लेखकांनी तो बहुधा जसाच्या तसा स्वीकारला. घोडा मेला तर शिलेदाराची उपजीविका बुडते, हे त्याचे कारणही सांगण्यात येते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. त्यात केवळ घोड्याच्या मृत्यूचा विचार केलेला आहे. जखमी होऊन जिवंत राहिलेल्या, म्हणजे जुन्या भाषेत ‘जायबंदी’ झालेल्या घोड्याचे पुढे काय होई, हा प्रश्न त्यात सुटून जातो. शिलेदाराच्या सावधगिरीचा उलगडा व्हावयाचा तर या प्रश्नाकडेच वळले पाहिजे.

प्रथम प्राण्याच्या शरीररचनेचा विचार करणे अवश्य आहे. घोड्याच्या प्रत्येक पायास एकच बोट असते आणि खूर म्हणजे त्या बोटाचे कठीण झालेले नख होय. खुरातील अस्थी बाहेरच्या भिंतीस बारीक पडद्यांच्या घड्यांनी जोडलेली असते. ४५० ते ५०० किलोग्रॅम वजनाचा देह अखेर या पडद्यांवर तोललेला असतो. पाऊल पडते व उचलले जाते त्या क्रियेतूनच खुरातील रक्ताभिसरण नीट चालते. एक पाय जायबंदी झाला की घोडा त्याचा भार जोडीच्या निरोगी पायावर टाकतो. तो पाय दिवसचे दिवस उचललाच गेला नाही तर पडद्यांना रक्त पोहोचत नाही, त्यांचा दाह होतो आणि अस्थी भिंतीपासून सुटून खाली खचते. पशुवैद्य यास लॅमिनायटिस म्हणतात. अशा रीतीने मूळ जखम भरत असताना धडधाकट पायच घोड्याच्या मरणास कारण होतो. त्याला आडवे निजवून ठेवणे हाही उपाय नव्हे. कारण फार वेळ एका कुशीवर राहिल्यास स्वतःच्याच वजनाने त्याचे स्नायू निकामी होतात.

या दीर्घ विश्रांतीच्या काळाचे सर्वांत बारकाईने निरीक्षण झाले आहे ते शर्यतीच्या घोड्यांच्या बाबतीत. त्यांपैकी तीन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. इंग्लंडमधील मिल रीफ या घोड्याचा पुढचा पाय ऑगस्ट १९७२ मध्ये सरावाच्या वेळी मोडला. शस्त्रक्रियेनंतर तो शांतपणे उभा राहिला, बरा झाला आणि १९८६ पर्यंत जगला. अमेरिकेतील रफियन ही घोडी ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या शर्यतीत जायबंदी झाली. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताच ती पळू पाहू लागली, तिने बांधलेला पाय पुन्हा मोडून घेतला आणि तिला मरण द्यावे लागले. २००६ चा केंटकी डर्बी विजेता बार्बारो याचा मागील उजवा पाय त्याच वर्षी २० मे रोजी मोडला. हाडे सांधली गेली. पण जुलैमध्ये मागील डाव्या खुरास लॅमिनायटिस झाला, पुढे तो पुढच्या दोन्ही पायांत शिरला आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्यास मरण देण्यात आले. सर्व साधने हाताशी असतानाही आठ महिन्यांच्या शुश्रूषेचा शेवट असा झाला.

याशिवाय इतर संकटे असतातच. हालचाल थांबल्यामुळे आतडी मंदावून पोटशूळ उठतो आणि तो प्राणावर बेततो. कामावर असतानाचा दाणा विश्रांतीतही चालू ठेवला तर त्यानेही खुरांचा दाह होऊ शकतो. पट्टीखाली त्वचा सडते, जखमेतून धनुर्वात शिरतो. हाड न मोडता केवळ पायाची मोठी शीर दुखावली, तरी ती पूर्ववत होण्यास नऊ ते बारा महिने लागतात. लंगडणे थांबले म्हणून घोडा लवकर कामास लावला तर ती पुन्हा फाटते.

ही कालमर्यादा ध्यानात ठेवून मराठ्यांच्या मोहिमांकडे पाहिले पाहिजे. सभासदाच्या बखरीतील वर्णनाप्रमाणे शिवाजी महाराजांचे लष्कर दसऱ्यास बाहेर पडे, आठ महिने मुलूखगिरी करी आणि पावसाळ्यात छावणीस परते. छावणीत दाणा, वैरण व औषधे यांचा साठा आणि घोड्यांसाठी शाकारलेल्या पागा आधीच सिद्ध असाव्यात, असा दंडक होता. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पागेचा घोडा जायबंदी झाल्यास त्याच्या विश्रांतीचा खर्च सरकारावर पडे आणि बारगिरास दुसरा घोडा मिळू शके. शिलेदारास हा आधार नव्हता. पायाची शीर दुखावलेल्या घोड्याला नऊ महिने विसावा द्यावयाचा, तर आठ महिन्यांची संपूर्ण मोहीम हातची जाई.

मोहिमेच्या वाटेवर तर विसावा मुळीच शक्य नसे. याचे बोलके उदाहरण खानदेशातच आढळते. १६८१ च्या आरंभी हंबीरराव मोहित्यांनी बुऱ्हाणपूरचे बहादूरपुरा हे उपनगर लुटले. औरंगाबादेहून खानजहान बहादूर पाठलागावर निघाला. परंतु मराठे धरणगाव-चोपडा मार्गाने साल्हेरकडे निसटले. बुऱ्हाणपूर ते साल्हेर हे अंतर सरळ रेषेतही सुमारे अडीचशे किलोमीटर भरते. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन, नदीनाल्यांचे उतार, पुढे बागलाणातील डोंगर आणि पाठीवर लूट, अशा दौडीत जो घोडा लंगडला तो मागे राहिला, असेच अनुमान करावे लागते. विजयाच्या वृत्तांतात अशा घोड्यांना स्थान नसते. ज्या स्वाराचा घोडा स्वतःचा होता त्याच्या हिशेबात मात्र ते असत.

शिलेदारापुढील पेच आता स्पष्ट होतो. घोडा ठार झाला तर नुकसान एकदाच होते आणि दाद मागावयाची तर ती गोष्ट दाखविता तरी येते. जायबंदी घोडा मात्र खात राहतो, त्याला माणूस लागतो, आणि तो बरा होईल की नाही हे महिनोन् महिने कळत नाही. कमाई बंद आणि खर्च चालू, अशा स्थितीत त्याला पोसावयाचे, मातीमोल किमतीस विकावयाचे, की अर्धवट बरा असतानाच पुन्हा खोगीर चढवावयाचे, एवढेच पर्याय उरतात. तिसरा पर्याय मोहाचा आणि सर्वांत घातक. म्हणून घोडा जपणाऱ्या शिलेदारास भित्रा ठरविणे न्याय्य नव्हे. तलवारीच्या घावाइतकीच त्यानंतरच्या नऊ महिन्यांचीही धास्ती त्याने बाळगली, तर ती व्यवहाराच्या जाणिवेतून आली होती.

या अनुमानास पुढील काळातून पुष्टी मिळते. इंग्रजी अमलात हिंदी रिसाल्यांतून शिलेदारी पद्धत दीर्घकाळ चालू राहिली. १८१७ मध्ये उभारलेले पुणे हॉर्स हे पथक त्याच परंपरेतले. या रिसाल्यांत स्वार दरमहा वर्गणी भरून एक निधी उभारीत. त्यास ‘चंदा’ म्हणत. घोडा मेला अथवा निकामी ठरला तर नव्या घोड्याच्या किमतीस त्यातून साहाय्य मिळे. एकट्या स्वारास न पेलणारा धोका सर्वांनी वाटून घेण्याची ही योजना होय. अशी योजना करावी लागली, यावरूनच तो धोका किती खरा होता हे कळते. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत बंद झाली.

अश्वचिकित्सेची विद्या या देशात नव्हती असे नाही. शालिहोत्राच्या नावावरील संस्कृत ग्रंथपरंपरा जुनी आहे. बहमनी अमलात तिचे फार्सी भाषांतर झाले आणि हिंदी-उर्दूतील ‘सलोतरी’ हा शब्द त्याच नावापासून आला. १८८६ मध्ये मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. परंतु विद्या असणे आणि तिचा लाभ घेण्यास लागणारा अवधी मालकाला परवडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तापीकाठच्या सारंगखेड्यास मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेले हे गाव आता नंदुरबार जिल्ह्यात मोडते. तेथे गिऱ्हाईक घोड्याचे भोवरे पाहते, दात पाहते, आणि मग त्याला चालवून त्याचे पाय पाहते. या शेवटच्या परीक्षेत शिलेदाराच्या काळचा व्यवहार अद्याप शिल्लक आहे. कारण लपलेले लंगडेपण म्हणजे पुढील वर्षभराचा खर्च, हे घेणारा जाणतो.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला, आणि त्यांच्या नावाने स्थापन झालेले संशोधन मंडळ त्याच शहरात आहे. मराठी कागदपत्रांच्या अभ्यासाची परंपरा खानदेशास अशी घरचीच आहे. लढाईच्या वृत्तांतातील ठार आणि जायबंदी यांच्या आकड्यांपाशी अभ्यासकाने थांबू नये. पागांचे हिशेब, वैरण-दाण्याच्या नोंदी, घोडा बदलून देण्याविषयीचे अर्ज आणि शिलेदारांचे करार एकत्र वाचले, तर मोहिमेनंतरच्या या मूक महिन्यांचा इतिहास उभा करता येईल. शिलेदाराच्या वर्तनाविषयीचा निर्णय त्यानंतरच द्यावा, हे उचित होय.