शिवीगाळीतला ‘गाळ’

बांधावरून दोघा भाऊबंदांची जुंपली, की संध्याकाळी पारावर बातमी येते, “आज शेतात फार शिवीगाळ झाली.” यातली शिवी आपल्या ओळखीची आहे. पण हा गाळ कुठला? विहिरीतला का? नव्हे. हा गाळ निराळा. गाळ म्हणजेच शिवी. हिंदीतली ‘गाली’ ही त्याचीच बहीण, आणि पंडित मंडळी ज्याला ‘गालिप्रदान’ म्हणतात, त्यातही हाच शब्द आहे.

हा शब्द आपल्याकडे दगडाच्या नावातही टिकला आहे. कोकणात शिलाहार राजांच्या काळापासूनचे जे जुने दानलेख सापडतात, त्यांतील काही शिळांना ‘गद्धेगाळ’ म्हणतात. गद्धेगाळ म्हणजे गाढवाची शिवी. शिळेच्या माथ्यावर चंद्रसूर्य असतात. ते आकाशात आहेत तोवर दिलेले दान चालावे, हा त्यांचा अर्थ. मध्ये बहुधा लेख असतो आणि खाली गाढव व स्त्री यांचे बीभत्स चित्र. जो कोणी हे दान मोडील, त्याच्या आईची अशी विटंबना होईल, ही ती शिवी.

आता विचारा, राजाने शिवी का द्यावी? तर जमीन दान देणारा राजा उद्या नसतो, पण जमीन राहते, आणि तिच्यावर डोळा ठेवणारेही राहतात. ताम्रपटांत संस्कृत शाप असे, की भूमी हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल. पण तो वाचणार किती जण? मुंबईतील परळ येथे सापडलेल्या बाराव्या शतकातील शिलालेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे, शिवी मात्र मराठीत! आणि ज्याला अक्षर येत नाही, त्याला चित्र कळते. म्हणजे गावच्या वेशीवरची ही शिवी एका परीने कायद्याचे काम करीत होती.

गुरुजी, तुमच्या गावी अशी शिळा असेल. कुठे तिला शेंदूर फासून देव केले असेल, कुठे ती उकिरड्याशी पडली असेल. ती जपा, तो आपला इतिहास आहे. पण एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. दान मोडणारा पुरुष, आणि विटंबना मात्र त्याच्या आईची! तिचा अपराध काय? बांधावरची आजची शिवीगाळही बहुतेक आईबहिणीवरूनच चालते. दगड जपावा, त्यावरची ही रीत मात्र तिथेच राहू द्यावी.