चिमीचांगा नेमका कुणाचा?

चिमीचांग्याच्या जन्माची गोष्ट तुमच्या कानावर आली असेलच. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये मोनिका फ्लिन नावाच्या बाईंनी १९२२ मध्ये 'एल चारो' हे रेस्टॉरंट सुरू केलं. एक दिवस म्हणे त्यांच्या हातून बरिटो कढत तेलात पडला. तोंडात सणसणीत स्पॅनिश शिवी आली, पण आजूबाजूला भाचरं. मग शिवी अर्ध्यातच वळवून त्या ओरडल्या, "चिमीचांगा!" फीनिक्सचं 'मकायोज' हे मानत नाही. त्यांच्या मते मान वुडी जॉन्सन यांचा, साल १९४६.

गोष्ट झकास आहे. पण मला खटकतं ते असं, की पदार्थाचा जन्मदाखला नेहमी त्यालाच मिळतो ज्याच्या दारावर पाटी असते. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात 'चिविचांगा' हा शब्द आहे, गव्हाच्या टॉर्टियात सारण गुंडाळून केलेल्या पदार्थासाठी. घरच्या स्वयंपाकघरात कोण कधी काय तळतं, याची नोंद कुणी ठेवत नाही.

म्हणून शोधक सोडून देऊ आणि सामान बघू. घेवडा तिथलाच. पिंटो बीन्स, राजमा आणि साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा ही सगळी एकाच अमेरिकन जातीची भावंडं. गहू, गाय आणि डुक्कर मात्र स्पॅनिश लोकांबरोबर आले. १६८७ मध्ये या भागात पोचलेल्या युसेबिओ किनो या जेझुइट पाद्र्याने मिशनांच्या शेतांत गहू लावला. स्थानिक ओओधाम लोकांचा मका आणि घेवडा उन्हाळी पावसावर यायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांच्याकडे खरीप होता, रब्बी नव्हता. हिवाळ्यात पेरून मे-जूनच्या सुमारास हाती येणारा गहू त्या रिकाम्या महिन्यांत नेमका बसला. शिवाय गव्हाची कणीक ताणली जाते. मक्याची टॉर्टिया तळहाताएवढी, तर सोनोरातली गव्हाची पार हातभर रुंद आणि रुमालासारखी पातळ. एवढ्या मोठ्या टॉर्टियात सारण गुंडाळायचं आणि घरात डुकराची चरबी असताना ते तळायचं, यासाठी अपघाताची गरज आहे असं मला तरी वाटत नाही.

"हे काही खरं मेक्सिकन नाही" असं कुणीतरी म्हणणारच. पण टूसॉन स्वतः मेक्सिकोतच होतं. १८५३ च्या शेवटी करार झाला, अमेरिकेने १ कोटी डॉलर मोजले आणि सीमा गावाच्या दक्षिणेला सरकली. माणसं आणि चुली होत्या तिथेच राहिल्या. मोनिकाबाईंचे वडील तर फ्रान्सहून आलेले पाथरवट. "तू नक्की कुठली?" हा प्रश्न ज्यांना दर सुट्टीत दोन्हीकडून ऐकावा लागतो, त्यांना हा घोळ वेगळा समजवायला नको.

आता घरी करायचं तर बीफचा चक घ्या. लसूण, जिरं, सुकी लाल मिरची घालून मंद आचेवर तीनेक तास शिजवा, म्हणजे धागे सुटतात. मग झाकण काढून पाणी पूर्ण आटवा. रात्रभर भिजवलेले पिंटो कुकरला लावा आणि चरबीत किंवा तेलात परतत घोटून घट्ट करा. (घरात बीफ चालत नसेल तर चिकन घ्या, कृती तीच.) आपली पोळी इथे लहान पडते, दहा-बारा इंची टॉर्टिया आणा आणि तव्यावर गरम करूनच गुंडाळा, गार असेल तर चिरते. आधी दोन्ही बाजू आत दुमडा, मग गच्च वळा. तेल १८० अंशांवर आलं की जोडाची बाजू आधी खाली सोडा, म्हणजे सुटत नाही.

सारण कोरडं हवं, हे पुन्हा सांगते. ओलं राहिलं तर वाफ कोंडते, चिमीचांगा तेलातच फुटतो आणि हातावर उडतं. वाळवंटात ही अडचण कमी, कारण तिथे मांस टिकवायचं म्हणजे उन्हात वाळवायचं. 'एल चारो'त आजही लिंबू-लसूण लावलेल्या बीफच्या पट्ट्या छतावर जाळीच्या पिंजऱ्यात टांगून वाळवतात, खाली गिऱ्हाईकं जेवत असतात.