अडकलेले पाच टक्के: रिटेन्शनची गोष्ट

मोहने, आंबिवली, टिटवाळा, कुठल्याही बांधकाम साइटवर जा, एक शब्द हमखास कानावर पडतो: रिटेन्शन. म्हणजे काय? ठेकेदाराचं बिल पास होतं, पण त्यातले साधारण पाच ते दहा टक्के मालक स्वतःकडे ठेवतो. काम पूर्ण झालं की बहुतेक वेळा निम्मे सुटतात. उरलेले निम्मे हमीचा काळ संपल्यावर. मधल्या काळात गळती निघाली आणि ठेकेदार फिरकलाच नाही, तर त्याच पैशातून दुरुस्ती होते.

ही पद्धत रूढ झाली 1840 च्या दशकात, ब्रिटनमध्ये. तिथे तेव्हा रेल्वे बांधायची नुसती झुंबड उडाली होती. अनुभव नसलेले ठेकेदारही कामं घ्यायचे, मध्येच दिवाळं निघायचं आणि रूळ अर्धवट राहायचे. मग कंपन्या बिलाचा काही भाग राखून ठेवू लागल्या.

त्याच ब्रिटनमधले ठेकेदार पुढे आपल्याकडे आले. रेल्वे 1853 मध्ये ठाण्याला आणि 1 मे 1854 ला कल्याणला पोचली. मुंबई-ठाणे मार्ग बांधणाऱ्यांपैकी विल्यम फॅव्हिएलला पुढे बोरघाटाचं काम मिळालं. तिथे जानेवारी 1859 मध्ये मजुरी थकल्यावरून मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सांभाळलं. 1863 मध्ये घाट सुरू झाला.

बोरघाटात दिसलं ते आजही दिसतं. कंपनी, ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम, मजूर अशी साखळी असते. वर कुठेही पैसा अडकला की खाली चूल थंड पडते.

आता साधा हिशोब करू. काम 1 कोटीचं, नफा धरा 8 लाख, रिटेन्शन 5 टक्के. म्हणजे 5 लाख अडकले, नफ्यातला निम्म्याहून जास्त भाग! आणि पाया खोदणाऱ्याचं काम पहिल्या काही महिन्यांत संपतं, तरी त्याचे पैसे कधीकधी पूर्ण इमारतीचा दाखला मिळेपर्यंत थांबतात. लक्षात घ्या, हे बक्षीस नाही, केलेल्या कामाचेच पैसे आहेत.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे कंत्राटी कामगारांच्या कायद्यात लिहिलं गेलं 1970 मध्ये. बोरघाटातल्या दंग्यानंतर 111 वर्षांनी!

तुमच्या घरात कोणी छोटी ठेकेदारी करत असेल, तर सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगा. रिटेन्शन किती टक्के? ते नेमकं कोणत्या तारखेला सुटणार? आणि ती तारीख आपलं काम संपल्यापासून मोजायची, की अख्खी इमारत उभी राहिल्यापासून? भांडणं बहुतेक या तिसऱ्या प्रश्नावरूनच होतात.