काळा घोड्याची 'मशीद' : एका सिनेगॉगचा जीर्णोद्धार आणि आपला प्रश्न

आपल्या मंडळाच्या मागच्या बैठकीत दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचा विषय निघाला, तेव्हा एका सभासदाने विचारलं, "दुरुस्त करून ठेवायचं कोणासाठी? राहणारे तर पुण्याला नि अमेरिकेला गेले." त्या दिवशी कोणालाच नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख त्याच प्रश्नाला धरून लिहितो आहे. उदाहरण मात्र बडोद्याचं नाही, मुंबईत काळा घोड्याजवळच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचं आहे. तिथेही प्रार्थनेला येणारे बहुतेक निघून गेले होते. तरी ती वास्तू दुरुस्त झाली आणि आज आपण आत जाऊन पाहू शकतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मुंबईतले ज्यू म्हटलं की दोन समाज डोळ्यांसमोर येतात. पहिला बेने इस्रायलांचा, म्हणजे आपल्याच कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण वाढलो, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं पाहिली तर पेणकर, रोहेकर, दिवेकर. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्रायल बोलताना सिनेगॉगला 'मशीद' म्हणतात. मस्जिद बंदर स्टेशनचं नावही या सिनेगॉगवरूनच पडलं असं सांगतात.

दुसरा समाज बगदादी ज्यूंचा. डेव्हिड ससून 1832 च्या सुमारास बगदादहून बुशहरमार्गे मुंबईला आले, व्यापारात मोठे झाले आणि या घराण्याने मुंबई-पुण्यात कितीतरी वास्तू उभ्या केल्या. पुण्याचं 'लाल देऊळ' म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग त्यांचंच. डेव्हिड ससून यांचा मुलगा इलायस 1880 मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ मुलगा जेकब आणि त्याच्या भावांनी 1884 मध्ये फोर्टमध्ये हे सिनेगॉग बांधलं. इलायस म्हणजेच एलियाहू, आणि केनेसेथ म्हणजे सभा. आराखडा मुंबईच्याच गॉस्टलिंग आणि मॉरिस या वास्तुकारांनी केला.

नाव ठेवलं बगदादी बापाचं, पण एलियाहू हा बेने इस्रायलांचाही फार जिव्हाळ्याचा पैगंबर. नवस फेडताना ते 'एलियाहू हन्नाबी'च्या नावाने मलिदा करतात, पोहे, खोबरं आणि साखर घालून. वास्तविक दोन्ही समाजांत सख्य नव्हतं. बगदादी मंडळी बेने इस्रायलांना अनेकदा बरोबरीचं मानत नसत. 1947-48 नंतर मात्र बगदादी घराणी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, इस्रायल अशी पांगली. बेने इस्रायलही मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. आज देशभरात ज्यू उरलेत ते अवघे काही हजार, आणि त्यांतले बहुतेक बेने इस्रायल. ज्यांना एकेकाळी बरोबरीचं मानलं नाही, त्यांच्याच खांद्यावर मुंबईतल्या बगदादी प्रार्थनाघरांचा भार आला.

माणसं कमी झाली की इमारतीचं काय होतं, ते आपण बडोद्यात रोज पाहतो. आधी छप्पर गळतं. पाणी भिंतीत मुरतं. मग कोणीतरी चांगल्या हेतूने सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तैलरंग मारतं. जुनी भिंत चुन्याची असते, ती ओल शोषते आणि हळूहळू बाहेर टाकते. वरून सिमेंट-रंगाचं कातडं चढवलं की ओल आतच कोंडते, गिलावा फुगतो, लाकूड कुजतं. केनेसेथ एलियाहूवरही वर्षानुवर्षे रंगाचे थर चढले होते आणि मुंबईकरांनी ती इमारत ठळक आकाशी रंगातच पाहिलेली होती.

2017 च्या सुमारास काम सुरू झालं. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी ते पाहिलं, आणि ससून ट्रस्टला जेएसडब्ल्यू फाउंडेशनची मोठी मदत मिळाली. रंगाचे थर खरवडून खालची मूळ रंगसंगती शोधली गेली. आज इमारत निळीच्या छटेत आणि पांढऱ्यात दिसते. आतल्या रंगीत काचा, नक्षीच्या मिंटन फरशा, लाकूडकाम, खांब, सगळ्याची दुरुस्ती झाली. फेब्रुवारी 2019 मध्ये सिनेगॉग पुन्हा उघडलं आणि त्याच वर्षी त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला.

मी गेलो तो एका बुधवारी. बाहेर पोलीस आणि अडथळे होते. 2008 मध्ये कुलाब्यातल्या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून हा बंदोबस्त आहे. ओळखपत्र दाखवून आत गेलो. बूट काढू लागलो तेव्हा तिथे बसलेले एक वयस्कर गृहस्थ चक्क मराठीत म्हणाले, "राहू द्या काका, बूट नाही काढायचे. डोकं तेवढं झाका." त्यांनीच टोपी दिली.

जिना चढून प्रार्थनेच्या दालनात गेलो. मधोमध तेवा, म्हणजे उभं राहून तोरा वाचायचा चौथरा. पश्चिमेच्या भिंतीत, जेरुसलेमच्या दिशेला, तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट. वर बायकांसाठी सज्जा. रंगीत काचांतून आलेला उजेड फरशीवर पडला होता. खूप वेळ नुसता बसून राहिलो.

मग त्या गृहस्थांशी बोलणं झालं. ते मूळचे रेवदंड्याकडचे. मी बडोद्याचा म्हटल्यावर खुश होऊन म्हणाले, "आमची आत्या अहमदाबादला दिलेली. तिकडेही आपली मशीद आहे, खमासाला." (1934 चं मागेन अब्राहम. तिथली मंडळीही मूळ कोकणातलीच.) मी विचारलं, "प्रार्थनेला दहा जण जमतात का?" ज्यू प्रथेत सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. ते हसले. "सणाला जमतात. एरवी फोन करायला लागतात. एखादा परदेशी पाहुणा आला की आमचे दहा होतात." थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही लोक बघायला येता, बरं वाटतं. पण शनिवारी नाही हं. शनिवारी ही आमची."

मला वाटतं, आपल्या सभासदाच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. या जागेचं संग्रहालय केलेलं नाही. बाकीच्या दिवशी ती आपली सगळ्यांची, आणि शनिवारी ज्यांची होती त्यांचीच. पैसा बाहेरून आला, कारागीर बाहेरून आले, पाहणारेही बाहेरचेच. पण दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, हे ठरवणारा माणूस आतला राहिला. तो राहिला म्हणून पाहायलाही काही उरलं. नाहीतर उरल्या असत्या नुसत्या सुंदर काचा.

आमच्या गल्लीत एक मराठी वाचनालय होतं. विश्वस्तांनी चांगल्या मनाने भिंतींना तैलरंग दिला, तीन पावसाळ्यांत गिलावा पडला. दुरुस्तीला पैसे मिळतही होते, पण रोज संध्याकाळी कुलूप काढायला कोण येणार, हे काही ठरेना. ठरेपर्यंत छप्पर गेलं. आज तिथे दुकानं आहेत. मी स्वतः त्या वाचनालयाचा सभासद होतो आणि किल्ली घ्यायला मीही पुढे झालो नाही. हे लिहायला सोपं नाही, पण लिहिलं पाहिजे.

म्हणून एक सूचना. आपण वाड्यांची, मठांची, वाचनालयांची यादी करतो आहोत. त्यात बांधणीचं साल, लाकूडकाम, छायाचित्रं सगळं आहे. अजून एक रकाना घालू या : किल्ली कोणाकडे आहे, आणि त्यांच्यानंतर कोणाकडे जाणार. ज्या वास्तूपुढे तो रकाना कोरा राहील, तिथे आधी जाऊ. चुना आणि गवंडी मागाहून बघता येतील.